अण्णांनी मोठ्यानं सांगितलं

“ऋजुता, हे लोक मोठ्यानं सांगतायत.”

अण्णांनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. रांगेत आमच्या पुढे चौघे उभे होते. टाउन हॉलच्या उंच खिडक्यांतून आलेलं सप्टेंबरचं ऊन जुन्या लाकडी फरशीवर कुणी धुऊन वाळत घातल्यासारखं पसरलं होतं. टेबलाशी पोचलेल्या थोराड माणसानं आपलं नाव सांगितलं, रस्ता सांगितला. टेबलामागच्या पेल्की नावाच्या म्हाताऱ्यानं यादीवर पट्टी सरकवली आणि ते नाव, तो रस्ता, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारला. मग विचारलं, “कुणाची मतपत्रिका देऊ, बॉब? तू तर कुणाचाच नाहीस.”

“आज रिपब्लिकन,” बॉब म्हणाला.

“आज रिपब्लिकन!” पेल्कींनी हाळी दिली आणि पत्रिका त्याच्या हातात ठेवली.

“ऐकलंस?” अण्णा कुजबुजले. “हा कुठल्या गोटातला, ते चारचौघांना कळलं. मग पलीकडे तो पडदा कशाला लावलाय? शोभेला?”

“अण्णा, पत्रिका कुठल्या पक्षाची घेतली एवढंच कळतं. आत खूण कुणापुढे केली, ते नाही कळत.”

“निम्मं कळलंच की. निम्मी अब्रू गेल्यावर उरलेली निम्मी कशात बांधून ठेवायची?”

माझे सासरे हरिहर धारप हे फलटणकडच्या एका जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीच्या काळात अकरा निवडणुकांत ते मतदान केंद्राध्यक्ष होते. मतपेटीला लाख लावताना त्यांचा हात कधी थरथरला नाही, आणि आपण स्वतः कुणाला मत दिलं हे त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नाही. मुलापाठोपाठ अमेरिकेत येऊन सत्तराव्या वर्षी ते इथले नागरिक झाले. मतदार नोंदणीच्या वेळी कारकुनानं पक्ष विचारला, तेव्हा त्यांनी इतक्या ताठपणे “कोणताही नाही” म्हटलं, की त्या बिचाऱ्यानं अर्जावरून मान वर करून पाहिलं. यादीत त्यांच्या नावापुढे ‘अघोषित’ असं छापून आलं. तो शब्द अण्णांना एखाद्या पदवीसारखा आवडला.

ही खरी निवडणूक नव्हती. तिच्या आधीची होती. नोव्हेंबरात पक्षातर्फे कुणी उभं राहायचं, हे इथे आधी मतदारच ठरवतात. न्यू हॅम्पशर राज्यात तर जो कुठल्याच पक्षाचा नाही, त्यालाही या निवडीत भाग घेता येतो. त्यानं टेबलाशी येऊन एका पक्षाची पत्रिका मागायची. मागितली की त्या क्षणापासून तो त्या पक्षाचा. मत देऊन झालं की दाराजवळच्या दुसऱ्या टेबलावर एक सही करायची, की पुन्हा कुणाचाच नाही. ही रीत मी अण्णांना आदल्या दिवशी समजावून सांगितली होती. ऐकून ते म्हणाले, “म्हणजे पाच मिनिटांचं लग्न, आणि मांडवाच्या दारातच काडीमोड.” पण पत्रिका मागायची ती तोंडानं मागायची, हे मला ठाऊक नव्हतं. मी या देशाची नागरिक नव्हते. त्या रांगेत मी अण्णांची फक्त ड्रायव्हर होते.

नागरिक होता आलं असतं. अर्ज भरून टेबलाच्या खणात तसाच पडला होता. जुना पासपोर्ट हातावेगळा करायचा म्हटलं की माझा जीव कासावीस होई, आणि त्या कासाविशीला मी मनातल्या मनात ‘अलिप्तता’ असं भारदस्त नाव दिलं होतं. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला भारदस्त नावं सहज सुचतात.

अण्णांची पाळी आली.

“हरिहर धारप. एकवीस, ऑर्चर्ड लेन.”

“हॅरीहर डॅरॅप, एकवीस, ऑर्चर्ड लेन!” पेल्कींनी पट्टी सरकवली. “अघोषित. सुप्रभात, सर. कुणाची पत्रिका देऊ?”

अण्णांनी घसा साफ केला. “ते मला सांगायचं नाही.”

पेल्कींनी चष्म्यावरून पाहिलं. मागची रांग हलली. “ठीक आहे. या कागदावर लिहा. मी ओरडणार नाही.”

“पण तुम्हाला कळेल.”

“मला कळायलाच हवं, सर. नाहीतर कोणती देऊ?”

हे बिनतोड होतं. अण्णांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. परीक्षेत येत असलेलं उत्तर न लिहिता उठणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “क्षमा करा,” ते शुद्ध, शाळकरी इंग्रजीत म्हणाले. “मी विचार करून येतो.”

“सात वाजेपर्यंत आहोत आम्ही,” पेल्की म्हणाले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली.

बाहेर पायऱ्यांपाशी रूथ हॅडली आपल्या नावाची पाटी धरून उभी होती. मतदान केंद्राच्या दारातच उमेदवार उभा, हे पाहून अण्णांनी येताना कपाळावर हात मारला होता. आता त्यांनी तिला नुसता नमस्कार केला. तिनंही पाटी काखेत घेऊन दोन्ही हात जोडले. मत दिलं का, असं तिनं विचारलं नाही.

रूथ ऑगस्टमध्ये आमच्या घरी आली होती. गावाबाहेर तिचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. हात राठ, आवाज त्याहून राठ. अण्णांनी तिला आल्याचा चहा दिला होता. तिनं सरळ मुद्द्यालाच हात घातला होता. “मी रिपब्लिकन आहे, तुम्ही कुणी नाही. पण या भागात समोरच्या पक्षानं उमेदवारच दिलेला नाही. सप्टेंबरात जो जिंकेल, तोच विधानसभेत बसेल. माझ्यासमोरचा मुलगा हुशार आहे, गोड बोलतो, आणि काउंटी होम एका कंपनीला विकायला निघालाय. तो निर्णय इथल्या आमदारांच्या बैठकीत होतो, आणि तिथे एका मताचा फरक आहे. मी ते विकू देणार नाही. माझी आई तिथेच गेली.”

काउंटी होम म्हणजे आमच्या काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, चालवलेलं वृद्धांचं शुश्रूषागृह. आठ महिन्यांपासून आई तिथे होत्या. माझ्या सासूबाई, मंदाकिनी.

अण्णांनी रूथचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं होतं, “मत गुप्त असतं, बाई. चहा अजून घ्या.”

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. राग गिळायला मला थोडा वेळ हवा होता.

“तुला पटलेलं नाही,” अण्णा म्हणाले.

“एक शब्द सांगायचा होता, अण्णा.”

“एकच होता, खरंय.” त्यांनी पट्टा लावला, पुन्हा सोडला. “एक सांगू? त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. एका वस्तीवरच्या शाळेत माझं केंद्र होतं. एक बाई आली. डोक्यावर पदर, कडेवर मूल. शाई लावून घेतली, कागद घेतला, आणि पुठ्ठ्याच्या आडोशाकडे जायच्याऐवजी माझ्याकडेच आली. म्हणाली, ‘गुरुजी, खरंच कुणाला कळत न्हाई ना? आमच्यांनी सांगितलंय, कळतं म्हणून.’ मी म्हटलं, ‘देवालाही कळत नाही, बाई. माझा शब्द.’ तर ती हसली गं. इतकी हसली! कडेवरचं पोर माझ्यापाशी देऊन आत गेली. त्या आडोशामागे तिनं काय केलं ते मला आजतागायत माहीत नाही. पण तेवढ्या मिनिटापुरती ती कुणाची बायको नव्हती, कुणाची सून नव्हती.” त्यांनी पट्टा पुन्हा लावला. “आता सांग, तो शब्द मी दिलाय. मीच टेबलाशी उभा राहून ओरडायचं?”

मी गाडी सुरू केली. मला सुचलेलं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं.

ते उत्तर असं होतं. आई घरी होत्या ती दोन वर्षं शेगडीची बटणं काढून मी उशीखाली ठेवत असे. दरवाज्यांना आतून कुलपं होती. एका जानेवारीच्या सकाळी त्या अनवाणी बर्फात उतरल्या आणि मला शेजारच्या कुंपणाशी सापडल्या. फलटणच्या बसची वाट पाहत होत्या. मला त्या कधी सिंधू म्हणत, त्यांची वारलेली बहीण; कधी चोर म्हणत. त्याच हिवाळ्यात माझं उजवं मनगट मोडलं. बर्फावर घसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. काउंटी होममध्ये जागा झाली तेव्हा मी आठवडाभर झोपले, आणि जागी झाले ती अपराधी होऊनच. आता ते विकलं गेलं तर कंपनी अशा अवघड रुग्णांना ठेवणार नाही, असं सगळेच म्हणत होते. दुसरी जागा मिळालीच तर अडीच तासांवर. माझा नवरा अनिरुद्ध कामानिमित्त टेक्ससला होता. त्यानं फोनवर म्हटलं होतं, “एवढ्या लांब कशाला? आपण घरीच ठेवू तिला.” आपण, म्हणजे मी. आणि मी “हो” म्हटलं होतं. रूथ हॅडली हरली तर ते ‘हो’ मला पाळावं लागणार होतं.

दुपारी काउंटी होमच्या पायरीवर मेपलची दोन-चार लाल पानं पडली होती. बाकी सगळं झाड अजून हिरवं होतं. आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. डोरीन त्यांच्या केसांना तेल लावत होती. डोरीन तिथली सेविका. साठीची, उंच, खांद्यातून थोडी वाकलेली. आठ महिन्यांत तिनं आईंकडूनच चार मराठी शब्द उचलले होते, आणि ते ती एखाद्या मंत्रासारखे क्रमानं म्हणे: “पाणी. भात. झोपा. शहाणी.”

“आज छान आहेत,” ती म्हणाली. “सकाळी गाणं म्हटलं. मत देऊन आलात?”

अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. मी म्हटलं, “देणार आहोत.”

“द्या बरं. हे बंद झालं तर मी बहिणीकडे मेनला जाईन. माझं काय! या कुठे जातील?” असं म्हणून तिनं आईंची वेणी छातीवर आणून ठेवली आणि ती ट्रे आणायला गेली.

आईंनी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यासाठी राखलेलं सौजन्य होतं. “मास्तर, बसा ना. आमचे हे अजून आले नाहीत.”

“येतील,” अण्णा म्हणाले. “शाळा सुटली की येतील.”

“आज उशीर झाला.”

“परीक्षा आहेत ना, वहिनी.”

त्यांनी बायकोला वहिनी म्हटलं आणि स्टूल ओढून तिच्यापासून सभ्य अंतरावर बसले. हे मी त्यापूर्वीही पाहिलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस रोज दुपारी स्वतःचीच वाट पाहणाऱ्या बाईची समजूत काढायला येत होता.

ट्रे आला. भात, वाटाण्याचं सूप. मी बसून भरवू लागले. तीन घास नीट गेले. चौथ्याला आईंच्या डोळ्यांत काहीतरी पालटलं. ते कसं पालटतं, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. पाण्यावरून ढगाची सावली जाते आणि पाणी तेच राहतं, तसं काहीसं. त्यांनी हात उचलला. नुसता वाडगा बाजूला सारण्यासाठी. सूप माझ्या साडीवर सांडलं, बस्स, एवढंच घडलं.

पण मी तोवर खुर्चीसकट मागे सरकले होते. दोन्ही हात तोंडावर आडवे होते, डोळे मिटलेले. माझ्या नकळत.

डोळे उघडले तेव्हा आई शांतपणे वेणीशी खेळत होत्या. डोरीन फडका आणायला धावली होती. आणि अण्णा स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होते.

“सूप गरम होतं,” मी म्हटलं.

“हं,” ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, सभ्य अंतर सोडून पुढे सरकले आणि उरलेला भात स्वतः भरवला. आई एकेका घासाला “पुरे, मास्तर, तुम्हाला उगीच त्रास” म्हणत होत्या आणि खात होत्या. सगळा वाडगा संपला. अण्णांनी त्यांचं तोंड पुसलं, उठून चष्मा पुसला, आणि दारातून म्हणाले, “ऋजुता, चल. हॉलवर जाऊ.”

 वाटेत मी काही विचारलं नाही. विचारलं तर त्यांचा निश्चय मोडेल, अशी धास्ती होती. गाडीच्या काचेवरून शेतं मागे जात होती, वैरणीचे गोल भारे, एक लाल कोठार, आणि मी मनात नुसते मैल मोजत होते.

साडेचारला हॉल भरलेला होता. कारखाना सुटला असावा. रांग दारापर्यंत आलेली. कामाचे बूट, मुलांच्या गाड्या, कुणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा दाराच्या कडीला अडकवलेला. अण्णांनी कोटाची बटणं लावली. सप्टेंबर असला तरी मतदानाला ते कोट घालूनच आले होते.

“परत आलात!” पेल्कींनी ओळखलं. “कागद देऊ का, सर?”

“नको.”

अण्णा ताठ झाले. दोन्ही हात मागे बांधले. चाळीस वर्षं सकाळच्या प्रार्थनेला मैदानावर उभे राहत, अगदी तसे.

“हरिहर धारप,” ते म्हणाले, आणि आवाज असा लागला की टेबलापलीकडच्या पडद्यांतूनही दोन-तीन माना बाहेर आल्या. “एकवीस, ऑर्चर्ड लेन. मला रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिका द्यावी.”

 पेल्कींनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग ते हळूच म्हणाले, “सर, याच्यावर मला काही पुकारायची गरज वाटत नाही.”

कुणीतरी हसलं. बॉब नावाचा तो सकाळचा थोराड माणूस कुणाला तरी घेऊन परत आला असावा. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या आणि लाजून थांबला. अण्णा कुणाकडेही न पाहता पत्रिका घेऊन पडद्याआड गेले. त्यांना बाहेर यायला फार वेळ लागला. पडद्याखाली त्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते. एकदाच ते टाचांवर थोडे उचलले गेले आणि पुन्हा टेकले.

पत्रिका पेटीत पडली. मी दाराजवळच्या दुसऱ्या टेबलाकडे बोट केलं. तिथेही रांग होती. मत देऊन आलेले अपक्ष सह्या करून पुन्हा अघोषित होत होते, गप्पा मारत, पेन एकमेकांना देत.

“अण्णा, इथे सही केली की झालं. पुन्हा कुणाचेच नाही.”

त्यांनी ती रांग जरा वेळ न्याहाळली. “नको.”

“अहो, पण मग तुमचं नाव त्यांच्या यादीत राहील.”

“राहू दे.”

“तुम्ही इतकी वर्षं—”

“जेवण झाल्याबरोबर ताटावरून हात झटकून उठायचं? मला नाही जमत. त्यांनी पंगतीला घेतलं, मी जेवलो. आता चार दिवस तरी त्यांचा पाहुणा म्हणवून घ्यायला हवं.” टेबलाशी बसलेल्या बाईंना त्यांनी मान लववून नमस्कार केला. बाईंना वाटलं, ते सही करायला आलेत. त्यांनी पेन पुढे केलं. “नो, थँक यू, मॅडम,” अण्णा म्हणाले. “आय शॅल स्टे.”

ते चार दिवस नऊ वर्षं चालले. अण्णा गेले तेव्हाही यादीत त्यांच्या नावापुढे तो पक्ष होता. मधल्या काळात नोव्हेंबरच्या निवडणुकांत त्यांनी कुणाला मतं दिली, ते देव जाणे. ती त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाहीत. पण पक्षाकडून येणाऱ्या प्रत्येक छापील पत्राला ते हातानं उत्तर लिहीत. पक्षाच्या गावसमितीच्या रविवारच्या नाश्त्याला वर्षातून एकदा कोट घालून जात, धिरड्यांवर मधासारखा पाक ओतून घेत, आणि पक्षाची निम्मी धोरणं कशी चुकीची आहेत, ते तिथल्या मंडळींना मुद्देसूद सांगून येत. मंडळी म्हणे वाट पाहत. “हॅरीला बोलवा,” असं म्हणत. पेल्कीही येत, दोघं शेजारी बसून मतपेट्यांच्या गोष्टी करत.

आणि रूथ हॅडली जिंकली. एकशे बारा मतांनी. म्हणजे अण्णांनी मत दिलं नसतं, तरी जिंकलीच असती. तो आकडा दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकताना अण्णा दाढी करत होते. “छान,” एवढंच म्हणाले आणि साबण लावत राहिले. काउंटी होम विकलं गेलं नाही. आई तिथे आणखी तीन वर्षं होत्या, आणि एका दुपारी डोरीनच्या हाताला धरून, मास्तर समोर बसलेले असताना, गेल्या. मी पुढच्या वसंतात खणातला अर्ज पाठवला.

पण हे सगळं नंतरचं. आज चौदा वर्षांनी मी जे लिहायला बसले, ते त्या संध्याकाळचं आहे. टाउन हॉलच्या मागच्या पटांगणातलं. ऊन उतरलं होतं. आम्ही गाडीत येऊन बसलो. अण्णा दमले होते. त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं.

मी म्हटलं, “अण्णा, आईंसाठी तुम्ही आज केवढं—”

“तिच्यासाठी नाही गं.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“तिला आता ठिकाण कळत नाही,” अण्णा म्हणाले. समोरच्या काचेतून ते पटांगणाकडे पाहत होते. “इथे काय आणि अडीच तासांवर काय. कुठेही नेली असती तरी ती खिडकीशी बसून वाटच पाहणार. मी गेलो असतो बसनं. रोज नाही तर एक दिवसाआड. तेवढ्यासाठी मी माझा शब्द मोडला नसता. ती मला ओळखत होती तेव्हाही तिनं मोडू दिला नसता.”

“मग?”

“मनगट बर्फावर मोडलं नव्हतं ना तुझं?”

मी उजवा हात मांडीवर ओढून घेतला.

“त्याच दिवशी मला शंका आली होती. चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. खोटं बोलणारं पोर फार सविस्तर सांगतं. तू मला तो बर्फ किती जाड होता, ते सांगितलंस.” त्यांचा आवाज खाली गेला. “पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. दोन वर्षं मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलो, ऋजुता. आज तू हात आडवे घेतलेस तेव्हा—” त्यांनी चष्मा काढला, हातातच ठेवला. “अनिरुद्धला तू ‘हो’ म्हणालीस, ते मी ऐकलंय. ती घरी आली असती, आणि तू तिला घेतलीही असतीस. तुझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नसतं. कधीच नाही. मग तुझ्या वतीनं ते कुणीतरी, कुठेतरी, मोठ्यानं म्हणायला हवं होतं. घरात मला जमलं नाही. एवढी एकच जागा सापडली.”

पटांगणातून एकेक गाडी सुटत होती. कुणीतरी कुणाला हाक मारली, कुणीतरी हात हलवला. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. दोन वर्षांत, त्या आठ महिन्यांत, त्या फोनवर, बर्फाच्या खोट्या गोष्टीत, कुठेच जे आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं, आणि मला ते थांबवता येईना.

अण्णा सासरे होते. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ते त्यांच्या पिढीला सुचण्यासारखं नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली. मग हातानं खूण करून मला माझ्या बाजूचीही वर करायला लावली.

“रड,” ते म्हणाले. “इथे कुणी नाही.”

आणि ते दाराकडे तोंड करून बसले. माझं रडणं पुरतं संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.